नदीचं गढूळ पाणी आणि तुंबणारा फिल्टर

अमेरिकेतल्या नॅशनल फॉरेस्टमध्ये नदीकाठच्या साध्या कॅम्पग्राउंडवर बहुतेक वेळा खड्ड्याचा संडास, बाक आणि शेकोटीभोवतीचं लोखंडी कडं एवढीच सोय असते. नळ नसला तर पाणी नदीचं. रॉकी पर्वतरांगांत मे-जूनला बर्फ वितळतं तेव्हा ते चहासारखं गढूळ असतं, आणि हाताने पंप करायचा छोटा फिल्टर दोन-चार बाटल्यांतच तुंबतो. नवी जाळी महाग पडते. त्यापेक्षा तुरटी न्या. इंडियन ग्रोसरीत खडा मिळतो, नाहीतर सुपरमार्केटात मसाल्यांच्या फळीवर लोणच्यासाठी विकतात ती तुरटीची पूड.

१. संथ डोहातून बादलीभर पाणी भरा, काठावरचा गाळ ढवळू नका.
२. आठ लिटरला पाव छोटा चमचा पूड टाका. खडा असेल तर आजी घागरीत फिरवायची तसा थोडा वेळ फिरवा.
३. पाच मिनिटं हलकेच ढवळा, मग झाकून अर्धा तास बादलीला हात लावू नका. ढगासारखे पुंजके तळाशी बसताना दिसतात. नाही बसले तर चिमूटभर तुरटी आणखी.
४. वरचं नितळ पाणी मगाने अलगद काढा, फडक्यातून गाळा आणि मगच फिल्टरला लावा. तळाचं बोटभर पाणी सोडून द्या, हाव नको.

तुरटीने माती बसते, जंतू मरत नाहीत. फिल्टर नसेल तर खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट उकळा, साडेसहा हजार फुटांच्या वर तीन मिनिटं.