हाय-गेन गिटारसाठी नॉइज गेट घेताय? या चुका टाळा

नॉइज गेट (गिटारच्या जोडणीत लावायचं, पायाने चालू-बंद होणारं पेडल) गिटारचा आवाज साफ करत नाही, हे आधी पक्कं समजून घ्या. सिग्नल ठरावीक पातळीच्या खाली गेला की ते दार लावून घेतं, वर आला की उघडतं. दार उघडं असताना सुराबरोबर घूंघूं, सुसू, खरखर सगळं बाहेर पडतंच. तुमच्या वाजवण्याच्या दणक्यात ते ऐकू येत नाही, इतकंच. त्यामुळे गेटकडून मागायची गोष्ट एकच: तुम्ही थांबलात की तिथल्या तिथे शांतता.

डिस्टॉर्शन (गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, खूप केल्याने येणारा फाटका, जाड आवाज) भरपूर असेल तर ही शांतता लागतेच. पाम म्यूट करून, म्हणजे तळहाताची कड तारांवर टेकवून, तुटक वाजवताना दोन ठोक्यांमधली रिकामी जागा हा संगीताचाच भाग असतो, आणि ती जागा सुसू करत राहिली तर सगळा कसदारपणा जातो. पण खरेदी करताना बहुतेक जण "कुठलं गेट भारी?" इथून सुरुवात करतात. त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: गिटारपासून ॲम्पपर्यंतच्या तुमच्या साखळीत नॉइज शिरतो कुठे, आणि डिस्टॉर्शन तयार होतं कुठे? याचं उत्तर मिळालं की गेटची निवड जवळजवळ आपोआप होते.

नॉइज कसला आहे हे न तपासताच दुकान गाठणं

दहा मिनिटं काढा आणि हे करून बघा. ॲम्प नेहमीच्या गेनवर ठेवा आणि इनपुटमधली केबल काढून टाका. बहुतेक ॲम्पमध्ये केबल काढली की इनपुट जॅक आपोआप ग्राउंडला जोडला जातो, त्यामुळे आता जे ऐकू येतं तो ॲम्पचा स्वतःचा आवाज. बहुधा ती एकसारखी सुसू असते. गेन स्टेज एकावर एक रचल्या की ती येणारच, त्यात बिघाड काही नाही.

आता गिटार थेट ॲम्पला लावा, मध्ये एकही पेडल नको. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवून ऐका, मग पूर्ण वाढवून ऐका. व्हॉल्यूम वाढवल्यावर घूंघूं आली तर ती पिकअपमधून, म्हणजे तारांचं कंपन पकडणाऱ्या भागातून, येतेय. गिटार हातात धरून जागच्या जागी हळूहळू गोल फिरा. एखाद्या दिशेला ती एकदम कमी झाली तर आसपासचा ट्रान्सफॉर्मर, ॲडॅप्टर किंवा पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर पिकअपमध्ये शिरतोय. रेग्युलेटर बंद करून, म्हणजे पंखा थांबवून, पुन्हा ऐका. कित्येक घरांत अर्धी खरखर तिथेच संपते. सिंगल कॉइल पिकअपला हा त्रास सर्वाधिक. गिब्सनमधल्या सेथ लव्हरने 1955 साली ज्या हमबकर पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला, तो याच दुखण्यावरचा उपाय होता: दोन कॉइल उलट्या जोडायच्या आणि त्यांचे चुंबकीय ध्रुवही उलटे ठेवायचे, म्हणजे दोन्हींनी पकडलेली घूंघूं एकमेकींना मारते आणि तारेचा सूर मात्र शिल्लक राहतो. हाय-गेनसाठी सिंगल कॉइल वापरत असाल तर गेटच्या आधी पिकअपचा विचार करा.

इक्वलायझरने ही घूंघूं कापता येईल असं वाटतं, पण ते फारसं साधत नाही. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. तिची गुणगुण 50, 100, 150 अशा पायऱ्यांवर बसते. गिटारची सहावी तार 82 हर्ट्झच्या आसपास, सात तारांच्या गिटारची खालची बी 62 च्या आसपास. म्हणजे गुणगुण थेट तुमच्या सुरांच्या गर्दीतच उभी असते.

तारांना हात लावला की आवाज कमी होतो, हे थोडंफार प्रत्येक गिटारवर होतं. फरक फार मोठा असेल तर गिटारच्या आतलं शील्डिंग (बाहेरचा नॉइज अडवणारं अस्तर) कमी आहे, किंवा घरातलं अर्थिंग नीट नाही. जुन्या इमारतींमध्ये सॉकेटला तिसरं भोक असतं, पण मागे अर्थची वायरच नसते. इलेक्ट्रिशियनला बोलावून तपासून घ्या. गुणगुण घालवण्यासाठी ॲम्पच्या प्लगची अर्थची पिन कापणं, किंवा दोन पिनांचा ॲडॅप्टर लावून तिला बगल देणं, हे कधीही करू नका. गिटारच्या तारा ॲम्पच्या चॅसीशी जोडलेल्या असतात. ॲम्पच्या आत बिघाड झाला आणि अर्थ नसेल, तर करंट तारांमधून तुमच्या हातात येतो.

लॅपटॉपवर ॲम्प सिम्युलेटर (ॲम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) वाजवणाऱ्यांसाठी आणखी एक तपासणी: चार्जर काढा आणि बॅटरीवर ऐका. किणकिण थांबली तर दोषी चार्जर आहे, आणि त्यासाठी नवीन पेडलवर पैसे घालवायची गरज नाही.

सगळी पेडलं एकाच ॲडॅप्टरच्या माळेत लावणं

थेट गिटार शांत आणि पेडलबोर्ड जोडला की चिरका, उंच पट्टीतला आवाज, असं असेल तर गेटची जाहिरात बघणं थांबवा आणि पॉवर बघा. एका ॲडॅप्टरवरून माळेसारखी वायर काढून सहा पेडलं चालवली, त्यात एखादा डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारं पेडल) असला, तर त्याच्या सर्किटला ताल देणाऱ्या क्लॉकचा आवाज त्याच वायरीतून ओव्हरड्राइव्ह पेडलमध्ये येतो आणि पुढचा गेन तो मोठा करतो. प्रत्येक आउटपुट वेगळं, आयसोलेटेड असलेला पॉवर सप्लाय हा यावरचा खरा इलाज. पैसे मोजके असतील तर माझं मत स्पष्ट आहे: आधी पॉवर सप्लाय, नंतर गेट. खात्री करायला फक्त डिजिटल पेडल त्या माळेतून काढून वेगळ्या ॲडॅप्टरवर चालवून बघा.

डिस्टॉर्शन ॲम्पचं, गेट मात्र ॲम्पच्या आधी

सगळ्यात जास्त निराशा इथे होते, म्हणून इथे जरा थांबू या.

तुमचं सगळं डिस्टॉर्शन पेडलमधून येत असेल आणि ॲम्प क्लीन असेल, तर साधं इन-आउटचं गेट पुरतं. गिटार, मग डिस्टॉर्शन, मग गेट, मग ॲम्प. मूअर किंवा डॉनरचं छोटं नॉइज किलर, ज्यावर एक नॉब आणि हार्ड-सॉफ्ट असा एक स्विच असतो, तेही हे काम करतं. इथे महागडं काही घ्यायची गरज नाही.

पण पीव्ही 5150 च्या जातीचा ॲम्प असेल, आणि त्याच्या पुढ्यात नुसता एक ट्यूब स्क्रीमर (ओव्हरड्राइव्ह पेडल), तर सुसू ॲम्पच्या प्रीॲम्पमध्ये, म्हणजे गेन तयार करणाऱ्या पहिल्या भागात, जन्माला येते. ॲम्पच्या आधी लावलेलं गेट तिथवर पोचतच नाही. ते बंद झालं तरी त्याच्या पुढचा प्रीॲम्प आपली सुसू करत राहतो. लोक मग थ्रेशोल्ड (ज्या पातळीखाली गेट दार लावतं ती) वाढवत नेतात, सूर तुटायला लागतात आणि सुसू तशीच राहते.

तेच गेट उचलून ॲम्पच्या एफेक्ट्स लूपमध्ये (प्रीॲम्पच्या नंतर पेडलं जोडायची सोय; सिग्नल बाहेर जातो तो सेंड जॅक, परत येतो तो रिटर्न) ठेवलं तर सुसू बंद होते, पण दुसरी अडचण येते. तिथे पोचलेला सिग्नल डिस्टॉर्शनने पिळून सपाट झालेला असतो. जोरात वाजवलेली नोट आणि विरत चाललेली नोट यांच्या पातळीत फारसा फरक उरत नाही, त्यामुळे कधी बंद व्हायचं हे गेटला नीट कळत नाही.

म्हणून हाय-गेन ॲम्पसाठी असं गेट हवं जे ऐकतं गिटारचा कोरा सिग्नल, आणि दार लावतं प्रीॲम्पच्या नंतर. बॉसचं एनएस-2 हे 1987 पासूनचं पेडल याच कारणाने अजून इतक्या बोर्डांवर दिसतं: त्यावर इनपुट-आउटपुटशिवाय सेंड आणि रिटर्न आहे. बेहरिंगरचं एनआर300 स्वस्तात तीच सोय देतं. आयएसपीच्या डेसिमेटर जी स्ट्रिंगमध्ये गिटारसाठी एक वाट आणि गेटसाठी दुसरी वाट वेगळी असते. फोर्टिनच्या झूलमध्ये त्यासाठी 'की' नावाचा जॅक आहे.

एनएस-2 ची चार केबलची जोडणी अशी:

- गिटार → एनएस-2 चं इनपुट
- एनएस-2 चं सेंड → ट्यूब स्क्रीमर → ॲम्पचं इनपुट
- ॲम्पच्या लूपचं सेंड → एनएस-2 चं रिटर्न
- एनएस-2 चं आउटपुट → ॲम्पच्या लूपचं रिटर्न

आता गेट निर्णय घेतं तो तुमच्या कोऱ्या पिकिंगवरून. ॲम्पचा गेन वाढवला म्हणून थ्रेशोल्ड पुन्हा लावायला लागत नाही.

दोन ठिकाणी लोक अडकतात. ॲम्पचा लूप पॅरलल असेल, म्हणजे मागे मिक्सचा नॉब असेल, तर तो पूर्ण एफेक्टकडे फिरवा. नाहीतर अर्धा सिग्नल गेटला वळसा घालून बाहेर जातो. आणि एनएस-2 दाबल्यावर सगळाच आवाज गेला तर पेडल परत करायला धावू नका, त्याचा मोड स्विच बघा. तो 'म्यूट'वर असेल तर पायाचा स्विच पूर्ण आवाज बंद करण्यासाठीच असतो. 'रिडक्शन'वर आणा.

लूपच नसलेला ॲम्प असेल तर हे काहीच शक्य नाही. मग डिस्टॉर्शन पेडलकडून घ्या आणि ॲम्प क्लीन ठेवा, किंवा ॲम्पचा गेन खाली आणा.

थ्रेशोल्ड आधी वाढवणं, मग ऐकणं

थ्रेशोल्ड शून्यावरून सुरू करा. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण, तारांवर हात ठेवून त्या बंद. नॉब हळूहळू वाढवा, सुसू जिथे जेमतेम थांबते तिथे सोडा. आता तुमच्या गाण्यातली सगळ्यात हळू वाजवलेली नोट वाजवा. ती तुटली तर नॉब थोडा मागे. नोट विरताना आवाज चालू-बंद चालू-बंद असा फडफडत असेल तरी मागेच.

डिके किंवा रिलीजचं (गेट किती सावकाश दार लावतं त्याचं) गणित वाजवण्यावर ठरतं. तुटक, पाम म्यूटच्या मेटलसाठी तो लहान हवा. पण गाण्याचा शेवटचा कॉर्ड दहा सेकंद वाजत विरायला हवा असेल तर लहान डिके त्याचा गळा आवळतो. एकच सेटिंग दोन्हींना जमत नसेल तर मध्यम ठेवा आणि शेवटच्या कॉर्डला पायाने गेटचं पेडलच ऑफ करा. लाइव्ह वाजवताना हे हमखास उपयोगी पडतं.

आणि हे घरी लावलेलं सेटिंग प्रॅक्टिस रूममध्ये तसंच चालेल असं धरू नका. खोली बदलली, वायरिंग बदललं, की पिकअपमधून येणारा नॉइज बदलतो.

गरजेपेक्षा जास्त गेन

गेन जितका जास्त तितकी नोट आणि नॉइज यांच्यातली दरी कमी, आणि गेट त्याच दरीवर जगतं. दरी संपली की जगातलं कुठलंही गेट निरुपयोगी. शिवाय बँडमध्ये दोन गिटार असतील तर खूप गेनचा सूर ड्रमच्या मागे चिखल होऊन बसतो.

ॲम्पचा गेन निम्म्यावर आणा आणि पुढे ट्यूब स्क्रीमर लावा: ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल वर. तो खालच्या पट्टीतला गबाळेपणा कापतो, पिकचा ठोका पुढे आणतो, आणि गेन कमी असूनही रिफ घट्ट लागतो. मेटलमध्ये ही रीत इतकी रुळलेली आहे ती उगाच नाही.

डिले-रिव्हर्बच्या नंतर गेट

गेट आधी, डिले आणि रिव्हर्ब (घुमार देणारं पेडल) नंतर. उलट केलंत तर रिव्हर्बची शेपटी गेट कापून टाकतं. चार केबलच्या जोडणीत ही दोन पेडलं एनएस-2 च्या आउटपुट आणि ॲम्पच्या लूप रिटर्नच्या मध्ये येतात.

तारांचा आणि स्प्रिंगचा आवाज गेटवर ढकलणं

गेट बरोबर लावलंय, तरी तुटक रिफ थांबवल्यावर एक बारीक झणझण मागे राहते. ही फ्लॉइड रोजसारखा ट्रेमोलो (दांडीने सूर वर-खाली करणारा, मागे स्प्रिंग असलेला ब्रिज) असलेल्या गिटारची खूण. मागचं झाकण उघडा, ॲम्प बंद ठेवून एक जोरदार पाम म्यूट मारा, आणि स्प्रिंगजवळ कान न्या. त्या वाजत असतात, लाकडातून पिकअपपर्यंत पोचतात, आणि गेटच्या दृष्टीने तो गिटारचाच सिग्नल असतो. स्प्रिंगच्या खाली फोमचा तुकडा सरकवा. नटच्या मागे, हेडस्टॉककडच्या तारांच्या छोट्या भागालाही मऊ पट्टी किंवा केसांचा रबर गुंडाळा. खर्च जवळजवळ शून्य, आणि थांबण्याचा धारदारपणा लगेच कळतो.

वाजवताना मध्येच कर्कश शिट्टी फुटत असेल तर तेही गेटच्या हाताबाहेरचं आहे. शिट्टी हा मोठा सिग्नल, दार उघडंच राहतं. ॲम्पसमोरून बाजूला व्हा, गेन कमी करा. तरी थांबली नाही तर पिकअपच्या आतल्या कॉइल हलत असण्याची शक्यता आहे, त्या मेणात बसवून घ्याव्या लागतात. हे काम पिकअप ओळखणाऱ्या माणसाकडेच द्या.

दुकानात गेट तपासायला जाल तेव्हा स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल न्या, घरी वापरता तेवढाच गेन लावून मागा, आणि फक्त रिफ वाजवून थांबू नका. एक कॉर्ड मारा आणि तो पूर्ण विरेपर्यंत ऐका. फडफड न होता, एका सुरळीत उतारावर तो शांततेत गेला तर ते गेट घ्या.