टेंडर पोर्टला ब्रिजवर उभं राहणाऱ्या नव्यांसाठी

क्रूझवर पहिल्यांदा जॉइन होणाऱ्या डेक कॅडेट आणि थर्ड ऑफिसर मंडळींसाठी हे लिहितेय. अँकर वॉच, कोलरेग (समुद्रावरची टक्कर टाळायचे आंतरराष्ट्रीय नियम), शिपहँडलिंगचा पाया तुमचा झालाय असं धरून चालते. टेंडर ऑपरेशन, म्हणजे जहाज धक्क्याला न लावता टेंडर नावाच्या छोट्या बोटींनी प्रवासी किनाऱ्यावर नेणं, मात्र वर्गात चार ओळींत उरकतात, आणि जहाजावर त्या दिवशी समजावून सांगायला कुणाला फुरसत नसते. मला ज्याच्याशी बराच काळ झगडावं लागलं, त्याबद्दल थोडं जास्तच लिहिणार आहे.

तळ चांगला, खोली बेताची आणि आजूबाजूला पाणी मोकळं असेल तर नांगर टाकावा, हे माझं ठाम मत. पण जागा लागते किती ते बघा. 40 मीटर खोलीत, खोलीची तिप्पट अधिक 90 या हिशोबाने 210 मीटर साखळी सोडावी लागते. शॅकल (साखळीचा ठरावीक तुकडा) 27.5 मीटरचं, म्हणजे आठ शॅकल. 300 मीटरचं जहाज तेवढ्या साखळीवर फिरलं की वर्तुळाचा व्यास किलोमीटरभर होतो. सँटोरिनीच्या कॅल्डेरात पाणी काही ठिकाणी 300 मीटरहून खोल आहे, तिथे नांगराचा विचारच सोडा. ग्रँड केमनला जॉर्ज टाउनसमोर किनाऱ्यालगत प्रवाळ आहे आणि जरा बाहेर गेलं की तळ एकदम कोसळतो. अशा ठिकाणी थ्रस्टर (जहाजाला आडवं ढकलणारे पंखे) आणि पॉड (फिरवता येणारे प्रोपेलर) यांवर उभं राहायचं, जॉयस्टिकने नाहीतर डीपीने, म्हणजे जहाज आपोआप जागेवर धरणाऱ्या संगणकाने.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी डोक्यात पक्की करा. थ्रस्टरवर जागच्या जागी उभं असलेलं जहाज कोलरेगच्या नियम 3 प्रमाणे अंडरवे असतं. नांगर तळाला नाही, दोर धक्क्याला नाही, जहाज रुतलेलंही नाही, मग अंडरवेच. जीपीएसवर वेग शून्य दिसतो म्हणून अँकर बॉल (नांगरलेल्या जहाजाची खूण, काळा गोळा) चढवायचा नाही. अंडरवे असताना माणसं उतरवणारं जहाज नियम 3(g) मध्ये हालचालीवर मर्यादा असलेल्यांत येऊ शकतं. तसं ठरलं तर बॉल-डायमंड-बॉल या खुणा लावायच्या, पण ते कॅप्टन ठरवतील. तुम्ही लुकआउट अजिबात ढिला सोडायचा नाही. किनाऱ्याजवळची मासेमारीची होडी आणि भाड्याची स्पीडबोट तुम्हाला नांगरलेलंच समजते आणि बोच्या (जहाजाच्या नाकाच्या) अगदी पुढून जाते.

आता मुख्य मुद्दा. जागा धरणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे टेंडरच्या बाजूला आडोसा देणं. टेंडर लागतं त्या खालच्या प्लॅटफॉर्मवर जाऊन एकदा उभे राहा. एबी (अनुभवी खलाशी) प्रवाशाचा कोपरापासून मनगटापर्यंतचा हात दोन्ही हातांनी धरून उभा असतो. टेंडरचा दरवाजा प्लॅटफॉर्मच्या काठाला कधी समतल येतो, कधी गुडघाभर वर जातो. एबी ‘थांबा’ म्हणतो, लाट जाऊ देतो, मग ‘आता’. काठी घेऊन आलेल्या माणसाला तेवढी एक पायरी ओलांडायची असते. ब्रिजवरून तुम्ही पाच अंश हेडिंग (जहाजाच्या नाकाची दिशा) बदललं तर त्या पायरीवर काय होतं, ते वरून दिसत नाही.

नांगरावरचं जहाज वारा आणि प्रवाह मिळून ठेवतील तसं पडतं. दोन्ही एका रेषेत असतील तर दोन्ही बाजूंना सारखीच लाट लागते, आडोसा असा मिळतच नाही. म्हणून नांगरावर असतानाही बरेच कॅप्टन थ्रस्टर वापरून बो वाऱ्यापासून थोडी बाजूला धरतात. थ्रस्टरवर असाल तर हेडिंग तुमच्याच हातात. वारा टेंडरच्या विरुद्ध बाजूच्या बोवर घ्या, पण जपून. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग सेकंदाला मीटरमध्ये घेऊन त्याच्या वर्गाला 18 ने भागा, दर चौरस मीटरला साधारण तेवढे किलो. 10,000 चौरस मीटरची बाजू पूर्ण आडवी पडली तर 10 मीटरच्या वाऱ्याला 55 टन, 15 मीटरच्या वाऱ्याला 125 टन. 3 मेगावॉटचा बो थ्रस्टर ढोबळमानाने 40 टन ढकलतो. एक थ्रस्टर ट्रिप झाला (बंद पडला) तर उरलेल्यांवर भागेल का, हा हिशोब सकाळीच करून ठेवा. आणि लांबून येणारं स्वेल (लांब, संथ लाटा) जहाजाला वळसा घालून आडोशात शिरतं. तेव्हा पृष्ठभागावरच्या छोट्या लाटा मेल्या म्हणून निर्धास्त होऊ नका.

आता तो सापळा. डीपीच्या स्क्रीनवर एक बाण आणि आकडा दिसतो: करंट, अमुक नॉट, अमुक दिशा. नवा माणूस तो वाचतो आणि समुद्रात तेवढा प्रवाह आहे असं समजतो. मीही बराच काळ तसंच समजत होते, आणि तो तक्त्यातल्या भरती-ओहोटीच्या प्रवाहाशी का जुळत नाही याचं उत्तर मिळेना. तो आकडा कुणी मोजलेला नसतो. डीपी वारा अॅनिमोमीटरवरून (वारा मोजणाऱ्या सेन्सरवरून) घेतो, आपल्या थ्रस्टरने किती ढकललं ते मॉडेलवरून काढतो आणि जहाज किती हलायला हवं होतं ते ठरवतो. प्रत्यक्षात ते वेगळं हलतं. हा जो फरक उरतो तो सगळा ‘करंट’ नावाखाली जातो. घरखर्चात न जुळलेली रक्कम आपण किरकोळमध्ये टाकतो, तसंच. त्यात खरा प्रवाह असतो, लाटांचा रेटा असतो, वाऱ्याच्या सेन्सरची चूक असते, थ्रस्टरची कमी झालेली ताकद असते, आणि प्लॅटफॉर्मला नाक रेटून उभ्या असलेल्या टेंडरचा दाबही असतो.

हेडिंग तेच असेपर्यंत याने काही बिघडत नाही, जहाज छान उभं राहतं. घोळ होतो वळवताना. खरा प्रवाह पृथ्वीच्या दिशेने असतो, तुम्ही वळलात तरी तो तसाच राहतो. पण सेन्सरची आणि थ्रस्टरची चूक जहाजाला चिकटलेली असते, ती तुमच्याबरोबर वळते. डीपी मात्र सगळा आकडा जुन्याच दिशेला धरून बसतो. आडोशासाठी 30 अंश वळलात की काही मिनिटं तो चुकीच्या बाजूला ढकलतो आणि जहाज जागेवरून सरकतं. त्यातच वळल्यामुळे निवडलेला अॅनिमोमीटर फनेलच्या (धुराड्याच्या) आड गेला तर डीपीला वारा पडल्यासारखा वाटतो, तो जोर कमी करतो आणि तुम्ही वाऱ्याखाली जाता. मॉडेल पुन्हा बसायला साधारण 20 ते 30 मिनिटं द्यावी लागतात. जॉयस्टिकवरून ऑटोत आल्यावरही तेवढीच.

म्हणून वळायचं ते पाच-पाच अंशांनी, मध्ये थांबून, दोन्ही विंड सेन्सर ताडून बघून. टेंडर प्लॅटफॉर्मला असताना वळायचंच नाही. कॉक्सवेनला (टेंडर चालवणाऱ्याला) रेडिओवर आधी सांगा, त्याचं उत्तर ऐका, मग हात लावा. टेंडरच्या बाजूला पॉडचा किंवा थ्रस्टरचा झोत जात नाही ना, तेही बघा. त्या झोतात टेंडरला स्टिअरिंग राहत नाही. खरा प्रवाह बघायचा असेल तर बॉया कुठे कलंडलाय ते बघा, नाहीतर सरळ कॉक्सवेनला विचारा. दिवसभर तोच त्या पाण्यात असतो.

हे वाचून घाबरायची गरज नाही. जहाज सरकायला लागलं तरी ते हळू सरकतं, आणि स्क्रीनवर आधी थ्रस्टरचा टक्का चढताना दिसतो. टक्का चढला की कॅप्टनला बोलवा. आकडा सहन होईल का, याचा विचार एकट्याने करत बसू नका. ‘उगाच बोलावलं’ म्हणणारा कॅप्टन भेटेलही. त्याच्याकडे दुर्लक्ष करा, पुढच्या वेळी पुन्हा बोलवा.

डीपी सर्टिफिकेट आधी करू का, हे सगळे विचारतात. माझं मत विचाराल तर घाई नको. सिम्युलेटरवर वारा हवा तेव्हा येतो, आणि तिथे प्लॅटफॉर्मवर कुणी म्हातारं माणूस उभं नसतं. आधी विंगवर (ब्रिजच्या बाजूला बाहेर आलेल्या भागावर) उभं राहून हाताने जहाज धरायला शिका. असा सीनिअर शोधा जो स्क्रीनकडे एकदा बघतो आणि पाण्याकडे चारदा. त्याच्याबरोबर वॉच मिळाला तर विंगवर त्याच्या शेजारीच उभे राहा, तो थ्रस्टरला कधी हात लावत नाही तेही टिपून ठेवा.