गोल्डफिशच्या हौदात लोच पाळताना

अंगणातल्या हौदात गोल्डफिश रुळले, की तळाशी पडणारे उरलेसुरले खाद्य टिपायला एखादा तळाचा मासा आणावा असे बहुतेक हौशी लोकांना वाटते, आणि दुकानदार लोच दाखवतो. ही जोडी उत्तम जमते, परंतु लोचला फुकटचा सफाईवाला समजून आणले तर तो उपासमारीने खंगतो. त्याच्या खाण्याची, लपण्याची आणि सुरक्षिततेची व्यवस्था आधी करावी आणि मगच त्याला घरी आणावे.

लोच या एकाच नावाखाली अगदी वेगळ्या स्वभावाचे मासे विकले जातात, त्यामुळे निवड चुकली तर पुढची सारी काळजी वाया जाते. क्लाउन लोचला २५ ते ३० अंश सेल्सिअसचे उबदार पाणी लागते, तर गोल्डफिश मूळचा थंड पाण्याचा. यो-यो लोच गोल्डफिशच्या लांब शेपटीचे लचके तोडतो. कुहली लोच पेन्सिलीएवढा बारीक असल्याने मोठा गोल्डफिश त्याला गिळू पाहतो, आणि लोचच्या डोळ्याखालचा काटा घशात रुतला तर दोघेही मरतात. आपल्या पश्चिम घाटातला पट्टेरी झेब्रा लोच देखणा असला तरी निसर्गात तो संकटग्रस्त आहे, म्हणून नदीतून पकडून आणलेले मासे विकत घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. हौदासाठी योग्य तो डोजो लोच. चीन, कोरिया आणि जपानमधल्या भातखाचरांत व संथ पाण्यात राहणारा हा मासा शांत असतो आणि साधारण १५ ते २० सेंटिमीटर वाढतो. पाण्यातला प्राणवायू कमी पडला तर तो वर येऊन हवा गिळतो आणि आतड्यातून श्वसन करतो. तो एकटा ठेवू नये. किमान तीन असावेत, आणि गोल्डफिशच्या तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे असावेत.

हजार लिटरच्या हौदात चार-पाच गोल्डफिश आणि तीन-चार डोजो सुखाने राहतात. पाण्याची खोली निदान ६० सेंटिमीटर असावी, कारण उथळ पाणी एप्रिल-मे महिन्यांत झपाट्याने तापते. २० अंशांच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना तो साडेसातपर्यंत उतरतो. म्हणून दुपारी हौदावर शेडनेटची सावली धरावी आणि हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवावा. नवा सिमेंटचा हौद अनेक वेळा भरून रिकामा करावा आणि सामू (पाण्याची आम्ल-अल्कता, म्हणजेच पीएच) स्थिरावल्याखेरीज त्यात मासे सोडू नयेत. तळाला खडी टाकू नये. लोच मिशांनी तळ चाचपत अन्न शोधतो आणि टोकदार खडीने त्या मिशा झिजतात, म्हणून धुतलेल्या बारीक वाळूचा चार-पाच सेंटिमीटर थर द्यावा. लपण्यासाठी जुनी नळीची कौले पालथी ठेवावीत. दुपारी कौलाच्या तोंडाशी दोन-तीन मिशाळ थोबाडे शेजारी शेजारी दिसतात, तेव्हा मासे निर्धास्त आहेत असे समजावे.

सर्वांत मोठा धोका पावसाळ्यात असतो. हवेचा दाब उतरू लागला, की डोजो अस्वस्थ होऊन काठाकाठाने वर-खाली फेऱ्या मारू लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी हौद भरून वाहत असतो. माझ्या हौदाच्या ओव्हरफ्लोच्या नळीला पहिल्या वर्षी जाळी नव्हती. जूनमधल्या एका रात्रीच्या पावसानंतर सकाळी दोन डोजो जास्वंदीच्या आळ्यात चिखलाने माखलेले सापडले. एक जिवंत होता, दुसरा गेला होता. त्याच दिवशी मी नळीला स्टीलची बारीक जाळी तारेने आवळून बसवली. पंपाच्या तोंडावर जाड स्पंज चढवावा, पाण्याची पातळी काठाखाली वीतभर ठेवावी आणि हौदावर जाळी ताणावी. तिने मासे बाहेर उडत नाहीत आणि खंड्या, वंचक व मांजर यांच्यापासूनही रक्षण होते.

गोल्डफिश वरचे सारे खाद्य फस्त करतात. त्यामुळे त्यांना आधी तरंगते दाणे द्यावेत आणि अंधार पडल्यावर बुडणाऱ्या गोळ्या कौलांजवळ टाकाव्यात. गटारातून काढलेले जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) देऊ नये, कारण त्यातून रोग येतात.

नवे लोच दोन ते तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावेत. डोजोचे खवले अतिशय बारीक आणि कातडीत रुतलेले असतात, त्यामुळे मीठ आणि तांबेयुक्त औषधे त्याला गोल्डफिशपेक्षा लवकर बाधतात. एखादा गोल्डफिश आजारी पडला तर संपूर्ण हौदात औषध न ओतता त्यालाच बाहेर काढून उपचार करावेत. लोच पकडताना जाळे वापरू नये. प्लास्टिकचा डबा आडवा धरून त्याला आत सरकू द्यावे.

मासे ठेवणे जमेनासे झाले, तर ते दुकानदाराला किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावेत. ओढ्यात, तलावात किंवा विहिरीत ते कदापि सोडू नयेत, कारण अशाच सोडलेल्या आणि निसटलेल्या डोजोंनी ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या पाण्यांत बस्तान बसवले आहे.