जुनी टू-स्ट्रोक उघडण्याआधी पार्ट आणू नका

यामाहाची आरएक्स 100 ही टू-स्ट्रोक मोटरसायकल बंद झाली 1996 मध्ये. आज हाती येणाऱ्या गाडीचं इंजिन याआधी कोणी ना कोणी उघडलेलं असतंच. तरीही गाडी दारात लागली, की पहिल्याच रविवारी नाशिकच्या द्वारका-सारडा सर्कल भागातून ‘आरएक्सचा पिस्टन द्या’ म्हणून किट आणलं जातं. हेड अजून काढलेलंही नसतं.

पुढे काय होतं ते ठरलेलं आहे. किट स्टँडर्ड, म्हणजे 50 मिमीचं. सिलिंडर आधीच्या मालकाने 0.50 मिमी ओव्हरसाइज मारून, म्हणजे आतून तेवढा रुंद करून घेतलेला. पिस्टन वरून सोडला की अडखळत नाही, सरळ खाली जातो. इथेच थांबायला हवं. पण ‘फोडलेलं किट परत होत नाही’ म्हणून तोच बसवतात. गाडी चालू होते, थंड असताना खडखडते, मग पिस्टनचा स्कर्ट, म्हणजे खालचा भाग, तडकतो आणि तुकडा क्रँककेसमध्ये पडतो. पिस्टनवर भागणारं काम क्रँक आणि बेअरिंगपर्यंत जातं.

आधी सिलिंडर उतरवा. पिस्टनच्या डोक्यावरची काजळी पेट्रोलच्या फडक्याने पुसा, 25, 50, 75 किंवा 100 असा आकडा दिसतो का बघा. त्या आकड्यावरही विसंबू नका. सातपूर किंवा अंबडच्या लेथवाल्याकडून बोअर गेजने, म्हणजे आतला व्यास मोजणाऱ्या मापकाने, वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी उभं-आडवं अशी सहा मापं घ्या. मग पुढच्या साइजचा पिस्टन विकत घ्या आणि सिलिंडरसोबत तोच बोअरिंगला द्या. नुसता आकडा सांगून बोअर मारून घेणं चूकच, कारण दोन कंपन्यांचे ‘0.50’ पिस्टन मिलिमीटरच्या शतांशात वेगळे निघतात. होनिंगनंतर (बोअर शेवटी घासून घेतल्यावर) सिलिंडरच्या भिंतीतल्या पोर्टच्या, म्हणजे छिद्रांच्या, धारदार कडा मोडून घ्या, नाहीतर रिंग अडकते. घरी आल्यावर रिंग बोअरमध्ये पिस्टननेच ढकलून सरळ करा आणि तिच्या टोकांमधल्या फटीत फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. 50 मिमीला 0.2 मिमीच्या आसपास हवी. फट नसेल तर तापल्यावर रिंगची टोकं भिडतात आणि इंजिन जाम होतं.

मॅन्युअलमध्ये घोळ असतो तो नावाचा. पार्ट कॅटलॉगमध्ये नंबर आणि सुट्या भागांचं चित्र मिळतं, सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मापं आणि टॉर्क, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा ते. दोन्ही लागतात. इंडोनेशियाच्या आरएक्स-किंगची पीडीएफ आपल्या 100 ला चालत नाही, ते वेगळं इंजिन आहे. यामाहाच्या नंबरमध्ये पहिली तीन अक्षरं मॉडेलची, मधले पाच आकडे भागाचे: 11631 म्हणजे स्टँडर्ड पिस्टन. एवढं वाचता आलं, तरी काउंटरवर फसगत कमी होते.

आता स्क्रू ड्रायव्हर, कारण याच्याइतकं नुकसान दुसरं कुठलंच हत्यार करत नाही. जपानी गाड्यांच्या साइड कव्हरचे अधिकचिन्ही स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाचे असतात, साधे फिलिप्स नव्हेत. फिलिप्सचं टोक खाचेच्या तळाला पोचायच्या आत अडतं, जोर लावला की वर उसळतं आणि खाच गोल करतं. मग छिन्नी, मग ड्रिल, आणि शेवटी कव्हरचे आटे जातात. नंबर 2 आणि 3 चे दोन जेआयएस ड्रायव्हर घ्या, सोबत हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. चाळीस नगांचा स्वस्त टूल-बॉक्स घेऊ नका, त्यातलं कामाचं फार थोडं निघतं.

मॅग्नेटला, म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या चुंबकी चाकाला, तीन-पायी पुलर कधीच लावू नका. हबच्या आट्यात बसणाराच पुलर हवा.

बेअरिंग ‘आरएक्सचं’ म्हणून मागू नका, जुन्यावर कोरलेला पूर्ण नंबर सांगा. 6204 आणि 6204 सी3 दोन्ही 20 × 47 × 14 मिमीचीच, पण सी3 मध्ये आतली मोकळीक जास्त असते. क्रँकला सी3 असेल तर सी3च घ्या.

अर्धा इंची मोठा टॉर्क रेंच 6 मिमी बोल्टला निरुपयोगी. तिथे 10 न्यूटन-मीटरच्या आसपास लागतो, तेवढ्यात तो ‘टक’ म्हणतच नाही आणि बोल्ट तुटतो.

भंगारातून टाकी, मडगार्ड, फूटरेस्ट खुशाल आणा. ऑइल सील आणि ब्रेक शू तिथून नकोत. पेट्रोल पाइप बदलताना इथेनॉलला टिकणारा मागा. साधा रबरी पाइप वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये मऊ पडतो आणि त्याचा चुरा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो.