स्लाइड, वॉलबाउन्स आणि खो-खोचा खांब

खो-खोत उठलेल्या खेळाडूने एकदा दिशा घेतली की खांबाला वळसा घातल्याशिवाय त्याला उलटं फिरता येत नाही. पळणारा यावरच जगतो. त्याचा शूटर गेमशी काय संबंध, असं वाटेल. पण स्लाइड (धावता धावता जमिनीवरून घसरणं) मारणाऱ्याची गत नेमकी तीच असते. स्लाइड सुरू झाली की तुम्ही कुठे पोचणार हे समोरच्याला कळलेलं असतं, आणि तो तिथेच नेम धरतो. अ‍ॅपेक्स लेजेंड्स या शूटर गेमच्या ६० जणांच्या लॉबीत (सामन्यात) ‘फास्ट’ खेळूनही लवकर बाद होणाऱ्यांचा वेग सहसा कमी पडत नाही, वळण उघड्यावर घेतलं जातं. वळायचं ते आडोशामागे, नाहीतर हवेत.

आधी बटणं. क्राउच, म्हणजे खाली बसणं, ‘टॉगल’वर (एकदा दाबलं की बसणं, पुन्हा दाबलं की उठणं) असेल तर ‘होल्ड’वर (दाबून धरेपर्यंतच बसणं) आणा. टॉगलवर बटण किती वेळा दाबलं याचा हिशोब ठेवावा लागतो आणि ऐन फाइटमध्ये तो चुकतो. स्पेस अंगठ्याला असल्यामुळे क्राउच करंगळीखालच्या कंट्रोलवर किंवा माऊसच्या बाजूच्या बटणावर ठेवा. सी वर ठेवलंत तर डी वरचं बोट उचलावं लागतं आणि उजवीकडे वळताना नेमकं तेच बोट हवं असतं.

स्वस्त कीबोर्डवर आणि बऱ्याच लॅपटॉपवर तीन-चार कळा एकत्र दाबल्या की एखादी गिळली जाते. तपासणं सोपं आहे. नोटपॅड उघडा, शिफ्ट, डब्ल्यू आणि डी दाबून धरा, मग स्पेस दाबून ठेवा. डी छापणं थांबून मोकळी जागा पडायला लागली पाहिजे. डी तसाच छापत राहिला तर दोष सरावाचा नाही, कीबोर्डचा आहे. उडी दुसऱ्या कळेवर घ्या. कॅफेत तासावर बसत असाल तर आधीच्या गिऱ्हाइकाची माऊसची सेन्सिटिव्हिटी बहुधा तशीच असते. आपल्या सेटिंगचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

आता अ‍ॅपेक्सची स्लाइड-जंप. पूर्ण वेगाने धावा, क्राउच दाबा, पुढे झटका बसला की लगेच स्पेस. स्लाइड विझत आल्यावर उडी मारलीत तर तो विझलेला वेगच हवेत जातो. सपाटीवर लागोपाठ दुसरी स्लाइड मारली तर झटका मिळत नाही. मध्ये साधारण २ सेकंद जावे लागतात. उतारावर मात्र वेग टिकतो, म्हणून दोन वाटांपैकी उताराची निवडा, जरा लांबची असली तरी. लांबचं अंतर कापताना ३ दाबून बंदूक आत ठेवा, पळणं वाढतं. जवळपास कोणी असल्याचा नुसता संशय आला तरी बंदूक हातात हवी.

वॉलबाउन्स, म्हणजे भिंतीवर उसळून दिशा बदलणं, हा खरा खांब. भिंतीकडे स्लाइड-जंप घ्या, शक्यतो तिरकी, ४५ अंशांच्या आसपास. पुढे जाण्याची कळ दाबलेलीच ठेवा. अंग भिंतीला लागलं की त्या क्षणी स्पेस पुन्हा दाबा. पहिली उडी मारून स्पेस सोडलेली असली पाहिजे, ही गोष्ट निम्मे लोक विसरतात. भिंतीला लागल्यावर गेम तुम्हाला चढण्याच्या स्थितीत नेऊ लागतो. तेवढ्यात उडी मिळाली तर भिंत तुम्हाला ढकलून देते आणि स्लाइडचा वेग अंगात राहतो. उशीर झाला तर पात्र पालीसारखं वर चढू लागतं. घाई झाली तर स्पेस हवेतच वाया जाते आणि तुम्ही भिंतीवर नुसते आपटता. भिंत बुटकी असली तर बाउन्स होत नाही, पात्र कठड्यावर चढून मोकळं होतं. म्हणून सरावाला डोक्याच्या बरीच वर जाणारी सपाट भिंत घ्या. फायरिंग रेंजमध्ये (गेममधल्या सरावाच्या मैदानात) डाव्या बाजूने २०, उजव्या बाजूने २०. बहुतेकांची एक बाजू कच्ची निघते. दुसऱ्या दिवशी तिच्यापासून सुरुवात करा.

टॅप-स्ट्रेफमध्ये पुढे जाण्याची कळ माऊसच्या चाकावर घेऊन हवेतच तीव्र वळण घेतात. २०२१ मध्ये हा गेम बनवणाऱ्या रिस्पॉनने हे काढून टाकण्याची घोषणा केली आणि मग ती लांबणीवर टाकली. अशा युक्त्यांचं नशीब पॅचगणिक (गेमच्या प्रत्येक सुधारणेगणिक) बदलतं, तेव्हा वॉलबाउन्स बसल्यावरच याच्या मागे लागा. सुपरग्लाइड तर त्याहून नाजूक. कठड्यावर चढणं संपताना उडी आणि पुढच्याच फ्रेमला क्राउच. ६० एफपीएसला (सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रं) एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, १४४ ला ६.९ ची. म्हणजे मॉनिटर जितका चांगला तितकं हे अवघड! जमलं तर बोनस समजा, त्याच्या भरवशावर उघड्यावर जाऊ नका. मॅक्रो (कळा आपोआप दाबणारा प्रोग्राम) लावून करणं म्हणजे सरळ चीटिंग.

कॉल ऑफ ड्यूटी मालिकेतल्या वॉरझोनमध्ये अडचण वेगळी आहे. टॅक्टिकल स्प्रिंटमध्ये (सगळ्यात जोरात पळताना) बंदूक वर धरलेली असते आणि ती खाली आणून गोळी सुटेपर्यंत वेळ जातो. कोपऱ्याच्या दोन पावलं आधी स्प्रिंट सोडा. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या त्याच मालिकेतल्या ब्लॅक ऑप्स ६ च्या ऑम्निमूव्हमेंटमुळे मागे किंवा बाजूलाही स्लाइड आणि डाइव्ह (झेप) मारता येते. तिचा उत्तम उपयोग पुढे घुसायला नाही, गोळी झाडत आडोशामागे परतायला होतो. बॅटलफील्ड २०४२ मध्ये १२८ खेळाडू असतात, तिथे एकाला हुलकावणी देताना तिसऱ्याच्या नेमात जाणं ठरलेलं. धावण्याआधी पुढचा आडोसा ठरवा.

मोबाइलवर बीजीएमआय (पबजीचा भारतातला अवतार) खेळत असाल तर सेटिंगमध्ये उडी आणि चढण्याची बटणं वेगळी करा. एकच बटण असलं की उडी हवी तेव्हा पात्र खिडकीत चढतं, आणि चढताना गोळी मारता येत नाही. आत ग्रेनेड टाकून, तो फुटल्यावरच खिडकी ओलांडा. घामाने अंगठा अडकत असेल तर फिंगर स्लीव्ह घाला.

सगळं बरोबर करूनही पात्र मागे ओढलं जात असेल तर नेट बघा. तुमची हालचाल तुमचं मशीन आधी दाखवतं आणि सर्व्हर नंतर तपासतो. दोघांचं जुळलं नाही की सर्व्हर तुम्हाला त्याच्या जागी आणून ठेवतो. स्थिर ७० चा पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारे मिलिसेकंद) चालतो, ३० ते १२० मध्ये उड्या मारणारा नाही. कॉट बेसिसच्या खोलीत एका राउटरवर सहा जण असतील तर लॅनची वायर ओढा. ते जमत नसेल तर वायफायवर २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्झ वापरा आणि राउटर खोलीतच ठेवा, कारण हा बँड भिंतीपलीकडे लवकर दमतो. पावसाळ्यात दिवे लुकलुकतात, तेव्हा राउटर इन्व्हर्टरवर हवा.

आठवड्यातून एकदा मॅच रेकॉर्ड करा आणि फक्त मरण्याआधीचे ५ सेकंद बघा. शेवटचं वळण कुठे घेतलं तिथे थांबवा: त्या जागेवरून शत्रू दिसत होता का?