पिट्युटरी पेशींवर हॉर्मोन टाकताना या चुका टाळा

“मॅडम, रिसेप्टरच काम करत नाहीये.” नवीन आलेल्या मुलांपैकी एक तरी हे ऐकवतोच. रिसेप्टर, म्हणजे हॉर्मोन ओळखणारं पेशीवरचं प्रथिन, बहुतेक वेळा ठणठणीत असतो. हॉर्मोन कधी टाकलं आणि पेशी कधी फोडल्या, घोळ तिथे असतो. माझ्या प्रयोगशाळेत गोनॅडोट्रोप पेशींवर (पिट्युटरी ग्रंथीतल्या, एलएच आणि एफएसएच ही प्रजननाची हॉर्मोन सोडणाऱ्या) काम करणारेच जास्त येतात, म्हणून खालचं बरंचसं जीएनआरएचबद्दल, म्हणजे त्यांना मेंदूकडून आदेश देणाऱ्या हॉर्मोनबद्दल आहे.

संध्याकाळी हॉर्मोन टाकून घरी जाणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. सहा वाजता जीएनआरएच टाकायचं, सकाळी येऊन लायसेट करायचं (पेशी फोडून अर्क काढायचा), दुपारी ब्लॉट (अँटिबॉडीने हवं ते प्रथिन दाखवणारी चाचणी) लावायचा. वेळापत्रक छान बसतं, पण पेशी आपल्या बसच्या वेळा पाळत नाहीत.

जीएनआरएच रिसेप्टरला बसलं की जीक्यू हे निरोप पुढे नेणारं प्रथिन चालू होतं आणि फॉस्फोलायपेज सी हे एन्झाइम पेशीपटलातल्या लिपिडचे दोन तुकडे करतं. एक तुकडा आयपी-३, तो आतल्या साठ्यातलं कॅल्शियम सोडवतो. हे काही सेकंदांत होतं. दुसरा डायअसाइलग्लिसरॉल. तो पीकेसी या एन्झाइमला उठवतो आणि तिथून साखळी ईआरके या दुसऱ्या एन्झाइमपर्यंत जाते, जो फॉस्फेट बसलं की चालू होतो. ईआरकेवरचं फॉस्फेट साधारण ५ ते १० मिनिटांत शिखर गाठतं आणि मग उतरतं. एलएचच्या बीटा उपघटकाच्या जीनवर परिणाम दिसायला मात्र तास लागतात. म्हणजे मार्ग एकच असला तरी प्रत्येक टप्प्याचं घड्याळ वेगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी फॉस्फो-ईआरके (फॉस्फेट बसलेला ईआरके) शोधणं म्हणजे वरात गेल्यावर मांडवात बँडवाले शोधणं.

एका पीएचडीच्या मुलाने नेमकं हेच केलं. एल-बीटा-टी-२ पेशी (प्रयोगशाळेत वाढवतात ती गोनॅडोट्रोपची एक जात), रात्रभर जीएनआरएच, सकाळी ब्लॉट कोरा. त्याने पेप्टाइड नवीन मागवलं, ब्लॉट पुन्हा कोरा. अँटिबॉडी बदलली. मग पेशीच खराब म्हणून नवी व्हायल उघडली. शेवटी “या पेशींमध्ये रिसेप्टर व्यक्त होत नाही” असा निष्कर्ष प्रगती अहवालात टंकून झाला होता. मी त्याला शेजारी उभं करून एकच प्लेट करायला लावली: ०, २, ५, १०, ३० आणि ६० मिनिटं. फिल्मवर पाच मिनिटांचा बँड असा काळाकुट्ट आला की एक्स्पोजर कमी करावं लागलं. तासाभराच्या लेनमध्ये तो ओसरायला लागलेला स्पष्ट दिसत होता. पेप्टाइड, अँटिबॉडी, पेशी, सगळं पहिल्या दिवसापासून नीट होतं.

माझी पद्धत अशी: सगळ्यात लांब वेळेच्या वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) हॉर्मोन आधी टाकायचं, सगळ्यात छोट्या वेळेच्या शेवटी. म्हणजे सगळे वेल एकदमच बर्फावर येतात. वेळा मार्करने झाकणावर आधीच लिहायच्या. “लक्षात राहील” म्हणणाऱ्यांच्या राहत नाही.

आता सततच्या हॉर्मोनबद्दल. शरीरात जीएनआरएच ठोक्याठोक्याने येतं. पिट्सबर्गमध्ये अर्न्स्ट क्नोबिल यांच्या गटाने १९७८ साली ऱ्हीसस माकडांत दाखवलं की तासाला एक ठोका दिला तर एलएच आणि एफएसएच टिकून राहतात, तेच हॉर्मोन अखंड दिलं तर दोन्ही खाली येतात. प्रोस्टेटच्या कर्करोगात ल्युप्रोलाइड हे जीएनआरएचसारखं औषध याच तत्त्वावर देतात. ठोक्यांचा वेगही पेशी ओळखते: जलद ठोक्यांनी एलएच-बीटाचं जीन वर येतं, संथ ठोक्यांनी एफएसएच-बीटाचं. अठ्ठेचाळीस तास अखंड जीएनआरएच देऊन “हॉर्मोनमुळे एलएच कमी होतं” असं लिहिणाऱ्यांनी हे आधी वाचावं. परफ्युजनची (पेशींवरून द्रव सतत वाहता ठेवण्याची) सोय नसेल तर हाताने करा: पाच मिनिटं हॉर्मोन, धुणं, उरलेला तास विश्रांती. कंट्रोलही, म्हणजे हॉर्मोन न दिलेल्या पेशीही, तितक्याच वेळा धुवा. कंटाळवाणं आहे, मान्य. त्याला इलाज नाही.

जाता जाता एक: अखंड जीएनआरएचने पेशी बधिर का होते हे समजावताना अॅरेस्टिनची (रिसेप्टरच्या शेपटाला चिकटून तो बंद करणाऱ्या प्रथिनाची) ती सर्रास आकृती चिकटवू नका. सस्तन प्राण्यांच्या या रिसेप्टरला आतल्या बाजूचं शेपूटच नाही, त्यामुळे इतर रिसेप्टरांसारखा तो झटपट बंद होत नाही. बधिरपणाची कारणं पुढच्या पायऱ्यांवरही शोधावी लागतात.

कंट्रोलचा बँडही तितकाच काळा

दहा टक्के सीरममध्ये वाढलेल्या पेशींत ईआरके आधीच चालू असतो, कारण सीरममध्ये वाढीचे घटक असतात. रात्रभर सीरम काढा, ०.१ टक्का बीएसए (अल्ब्युमिन प्रथिन) पुरतं. मग हॉर्मोन टाकताना मिडियम बदलू नका. नुसत्या बदलण्याच्या धक्क्यानेही ईआरके उसळतो. मी हॉर्मोन दहापट दाट करून वेलच्या एक दशांश आकारमानात अलगद सोडते. कंट्रोलमध्ये तेवढंच व्हेईकल (हॉर्मोनशिवायचं नुसतं द्रावण), त्याच हाताने. “कंट्रोलला काही टाकायचं नसतं ना?” असं विचारणाऱ्याला मी त्या दिवशी पिपेट देत नाही.

चुकीच्या पेशींकडून चुकीची अपेक्षा

पिट्युटरी पेशींच्या जाती सारख्या नसतात. अल्फा-टी-३-१ पेशींत जीएनआरएचचा रिसेप्टर भरपूर, पण एलएच-बीटा नाही. तिथे एलएच मोजायला बसू नका. जीएच-३ पेशी टीआरएचला (थायरॉइडच्या साखळीतलं मेंदूचं हॉर्मोन) उत्तम उत्तर देतात, पण जीएचआरएचला (वाढीचं हॉर्मोन सोडायला लावणारं) नाही, कारण त्याचा चालता रिसेप्टर त्यांच्याकडे नाही. एटी-टी-२० मध्ये सीआरएचने (ताणाच्या साखळीतलं मेंदूचं हॉर्मोन) सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो आणि एसीटीएच हे पिट्युटरी हॉर्मोन बाहेर पडतं. फ्रीजरमध्ये जी व्हायल हाताला लागली तिच्यावर प्रयोग बेतणाऱ्यांना काय सांगावं?

डोपामिनचंही असंच. त्याचा डी-२ रिसेप्टर सायक्लिक एएमपी कमी करतो. मुळातच तळाला असलेली गोष्ट आणखी कमी झालेली दिसणार कशी? आधी फॉर्सकोलिनने (सायक्लिक एएमपी वाढवणारं रसायन) ती वर चढवा, मग डोपामिन द्या. द्रावण ताजं करा, रंग चढलेलं सरळ ओता.

बाकीचं थोडक्यात

“जास्त टाकलं की जास्त दिसतं” हा समज सोडा. नॅनोमोलरमध्ये काम होत असताना मायक्रोमोलर ओतणं म्हणजे निव्वळ घाई.

रिसेप्टर टाळून पीएमए या रसायनाने थेट पीकेसी उठवणं सोपं आहे, पण रात्रभर ठेवलंत तर पीकेसीचे नेहमीचे प्रकार पेशीतून नाहीसे होतात आणि निकाल नेमका उलटा येतो.

इस्ट्रोजेनला संवेदनशील पेशींवर फिनॉल रेडवालं मिडियम वापरू नका. त्या लाल रंगाबरोबर थोडा इस्ट्रोजेनसारखा परिणामही येतो. सीरम कोळशाने साफ केलेलं घ्या.

पेप्टाइडची छोटी अॅलिकॉट्स (वाटे) करा. एकच नळी वारंवार वितळवून गोठवू नका.

प्रोटिएज इनहिबिटरची गोळी टाकली म्हणजे फॉस्फेट वाचलं असं होत नाही. ती गोळी फक्त प्रथिनं तुटू देत नाही; फॉस्फेट काढणारी एन्झाइम थांबवायला ऑर्थोव्हॅनाडेट आणि फ्लोराइड बफरमध्ये वेगळे घाला, आणि प्लेट बर्फावर ठेवूनच फोन उचला.

फॉस्फो-ईआरकेच्या शेजारी एकूण ईआरकेचा ब्लॉट नसेल, तर माझ्या टेबलावर ती फिल्म आणू नका.