अनेक मंडळ्यांनी मिळून नवी मंडळी कशी उभी करावी

स्वतंत्र पेंटेकॉस्टल मंडळीच्या, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या स्वतंत्र चर्चच्या, पाठीशी निधी पाठवणारे मुख्यालय नसते. नव्या ठिकाणी मंडळी उभी करण्याची जबाबदारी मनावर घेतलेला सेवक बहुतेकदा एकटा जातो आणि एकटाच थकतो. तीन-चार मंडळ्यांनी हे काम मिळून घेतले तर तो तग धरतो. यात स्वातंत्र्य जाईल ही भीती अनाठायी आहे. स्वीडनचे पेंटेकॉस्टल नेते लेवी पेत्रुस स्थानिक मंडळीच्या वर कोणतीही संघटना नको यावर ठाम होते, तरीही तिथल्या स्वतंत्र मंडळ्यांनी परदेशातले मिशनकार्य एकमेकींच्या साथीने चालवले.

सुरुवात पाळकांच्या एकत्र प्रार्थनेने करावी, पण लगेच शिकवणीचेही बोलून घ्यावे. बाप्तिस्मा पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने द्यायचा की फक्त येशूच्या नावाने? याच वादावर १९१६ साली असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल संघटनेत फूट पडली. अन्य भाषा (आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषा) बोलणे, स्त्रियांनी उपदेश करणे, समृद्धीची शिकवण (विश्वासाने धन व आरोग्य मिळते ही शिकवण), यांवरही आधीच स्पष्ट व्हावे. पहिला विश्वासणारा पाण्यात उतरायला तयार झाल्यावर ही चर्चा काढली तर फार उशीर झालेला असतो.

मग जागा. तिथे आधीपासून कोण सेवा करत आहे ते पाहावे आणि त्या पाळकांना स्वतः जाऊन भेटावे. दुसऱ्याच्या पायावर बांधायचे नाही, हा पौलाचा नियम रोमकरांस पत्राच्या १५व्या अध्यायात आहे.

सेवक कोणाला उत्तरदायी, हा प्रश्न माझ्या मते सर्वांत नाजूक. सगळ्यांनी देखरेख करायची म्हटले की कोणीच करत नाही, आणि सेवकाला चार पाळकांचे चार निरोप येतात. म्हणून एक मंडळी ‘आई मंडळी’ ठरवावी. तिने सेवकावर हात ठेवून, प्रार्थना करून त्याला पाठवावे, तिच्याच पाळकाने सेवकाशी नियमित बोलावे, त्याच्या घरच्यांचीही विचारपूस करावी. बाकीच्यांनी आपले म्हणणे तिच्यामार्फतच कळवावे.

पैशाचा करार कागदावर हवा, एक पानही पुरे. प्रत्येक मंडळी दरमहा किती देणार, किती वर्षे देणार, दरवर्षी ती रक्कम किती कमी होणार, हे त्यात असावे. खाते स्वतंत्र ठेवून वेगवेगळ्या मंडळ्यांच्या दोघांच्या सह्या लागतील असे करावे आणि हिशेब सर्व मंडळ्यांत वाचून दाखवावा. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या ८व्या अध्यायात पौल अर्पण नेताना मंडळ्यांनी निवडलेला भाऊ सोबत घेतो, कारण त्याला कोणालाही बोट ठेवायला जागा द्यायची नव्हती. याला अविश्वास समजू नये. सेवकाचे नाव यानेच जपले जाते.

पैशाबरोबर माणसेही द्यावीत. गाणारे, मुलांना शिकवणारे, घर उघडून प्रार्थना सभा घेणारे एखादे कुटुंब ठरावीक काळासाठी पाठवले तर सेवकाला मोठा आधार होतो. मात्र शेजारच्या मंडळीतले सभासद ओढून संख्या वाढवू नये.

शेवटची अटही करारातच लिहावी: नवी मंडळी स्वतःची कधी होणार. तिचे वडीलजन (मंडळीची देखरेख करणारे) नेमले गेले आणि तिच्या अर्पणातून पाळकाचा खर्च निघू लागला की खात्यावरच्या सह्या आणि जागेची कागदपत्रे तिच्याकडे द्यावीत. पुढच्या ठिकाणाचा विचार करायला बसाल तेव्हा तिच्या पाळकालाही बोलवावे, बरोबरीचा भागीदार म्हणून.